वन्सं पाणी चाखतात

मला सख्खी नणंद नाही. जी आहे ती बॅटरीवर चालते आणि निवेखोलच्या खाडीत राहते. संस्थेच्या कागदांवर तिचं नाव भलतंच लांबलचक आहे, अक्षरं आणि आकडे मिळून. ते मलाही पाठ नाही. गावातल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं बारसं उरकलं. ही सगळ्यांच्या दारावरून फिरते, प्रत्येकीच्या पाण्यात तोंड घालते आणि जे कळलं ते वर जाऊन सांगते, म्हणजे ही नणंदच, असा निकाल शेजारच्या शेवंताकाकींनी दिला. तेव्हापासून ती 'वन्सं' झाली. मी तिची देखभाल करणारी तंत्रज्ञ, पण गावाच्या लेखी तिची वहिनी. त्यामुळे तिला न्हाऊ घालणं, तिचे रुसवे काढणं आणि तिने केलेल्या चुगल्या निस्तरणं हे सगळं ओघानेच माझ्याकडे आलं.

माझं माहेर सांगोल्याकडचं. आमच्याकडे पाणी बघायचं तर टँकरची वाट बघावी लागे. जैवतंत्रज्ञान शिकले आणि संस्थेने मला थेट कोकणात, खाडीच्या काठावर आणून सोडलं. तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या गौरेश कुबलने एकदा वन्संच्या पंख्यात अडकलेलं जाळं सोडवून दिलं, आणि मजुरी म्हणून मला कायमचं ठेवून घेतलं. लग्नानंतर मला पोहायला शिकवायला तो लाजत होता, म्हणून ते काम त्याच्या आईने केलं. रत्नप्रभा कुबल, माझ्या सासूबाई; मी त्यांना आई म्हणते. चिखलात उभं कसं राहायचं हेही त्यांनीच शिकवलं. "पाय उचलू नको गो, सरकव," हे मी त्यांच्याकडून ऐकलेलं पहिलं वाक्य.

वन्सं दिसायला आडव्या टाकलेल्या गॅस सिलिंडरएवढ्या, पण त्यांच्या पोटात एक अख्खी प्रयोगशाळा आहे. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव पाण्यात स्वतःचं काही ना काही सांडत असतो. कातडीच्या पेशी, चिकटा, विष्ठा, अंडी. त्या प्रत्येक पेशीत त्या जातीचा डीएनए असतो. वन्सं पाणी ओढून घेतात, बारीक गाळणीतून गाळतात, गाळणीवर अडकलेल्या पेशी रसायनाने फोडतात आणि आतले रेणू वाचतात. मग एकही मासा न बघता त्या सांगतात, की सकाळी इथून बोईट गेले, आणि काल इथे खेकड्यांनी कात टाकली. हे सगळं माणसाचा हात न लागता पाण्याखालीच होतं आणि आकडे माझ्या फोनवर येतात.

दुसऱ्या कप्प्यात विषाची चाचणी असते. काही सूक्ष्म शैवालं एक जहाल विष तयार करतात. तिसऱ्या, म्हणजे चिखलात राहणारे खायचे शिंपले, दिवसभर पाणी गाळून त्यातलं बारीक खाणं खातात, त्यामुळे ते विष त्यांच्या मांसात साठत जातं. तिसऱ्यांना काही होत नाही. खाणाऱ्या माणसाचे मात्र आधी ओठ बधिर होतात, मग जीभ, मग हातपाय, आणि फार खाल्लं असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. दूरच्या एका किनाऱ्यावर असं होऊन माणसं दगावली, तेव्हापासून शहरातलं कुणी हिरव्या खुणेशिवाय शिंपल्यातलं काही विकत घेईना. ती हिरवी खूण आमच्या खाडीला वन्सं देतात.

पण त्यांच्या पोटातली रसायनं मोजकीच. सगळ्या खाडीत रोज विष तपासणं परवडत नाही. म्हणून तिसऱ्यांचा डीएनए जिथे दाट, तिथेच विषाची चाचणी करायची, असा हिशेब मी बसवला होता. तिसऱ्या नाहीत तिथे विष असलं तरी खाणार कोण? नकाशावर तो भाग राखाडी राहायचा. संस्थेत या युक्तीचं कौतुक झालं होतं आणि मी ते माहेरी फोन करून सांगितलंही होतं.

निवेखोलच्या तिसऱ्या थोरल्या खडपावर मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खाडीच्या तोंडाशी तो काळ्या दगडाचा पसरट सडा आहे. ओहोटीला बायका पाट्या घेऊन निघत आणि येताना त्याच खडपावरून ओल्या लुगड्यांनी वर येत. कुणीही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "खडपार गावतत." गौरेशही तेच सांगायचा. वन्संनीही पहिल्याच फेरीत तिथे तिसऱ्यांचा डीएनए इतका दाट दाखवला, की मी तपासणीची जागा डोळे मिटून तिथेच पक्की केली. त्या दिवशी मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा आई तोंडाला पदर लावून आत गेल्या. मला वाटलं, त्यांना सुनेचं कौतुक वाटलं.

निवेखोलात एक रीत आहे. तिसऱ्या काढणाऱ्या प्रत्येक बाईची एक 'जागा' असते. ती तिला तिच्या सासूने दाखवलेली असते आणि ती पुढे फक्त सुनेला दाखवते. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही, कारण लेक दुसऱ्या घरी जाते. जाताना सासू पुढे चालते आणि सून तिच्या पावलांत पावलं टाकत मागून जाते. परतताना सून पुढे, सासू मागे. त्यानंतर सासू पुन्हा कधी तिसऱ्यांना जात नाही. माझ्या बरोबरीच्या सगळ्या सुनांना जागा मिळाल्या होत्या. मला नाही.

एकदा अंगणात आम्ही दोघी वन्संना न्हाऊ घालत होतो. पाण्यात राहून अंगावर शंख-शिंपल्यांची खपली चढते, ती काढावी लागते. आई काथ्याने अंग घासायच्या आणि मी गाळणीचं तोंड साफ करायची. मी धीर करून विचारलं, "आई, मला जागा कधी दाखवणार?"

"खंयची जागा? खडप दिसत नाय तुका?"

"खडपावरची तुमची अशी नेमकी असेल ना."

आईंनी काथ्या थांबवला. "तुका दाखवलंय म्हणजे हिका दाखवलंय. आणि ही गावभर करतली."

"मी हिला नाही सांगणार."

"तू सांगूचंस नाय गो, माका म्हायत असा. पण तुझ्या तोंडार सगळा दिसता." असं म्हणून त्यांनी ओल्या हाताने माझा गाल पुसला, त्यावर चिखल लागला होता म्हणून. मला वाईट वाटलं. एवढी जीव लावणारी बाई, आणि एवढ्या एका गोष्टीत मी परकी.

पाऊस संपून आकाश मोकळं झालं, की तिसऱ्यांची वीण सुरू होते. त्या पाण्यात अंडी आणि बीज सोडतात, आणि मग पाण्यातला त्यांचा डीएनए एकदम उसळतो. पिल्लं तयार होताना जे खास रेणू लागतात तेही पाण्यात सापडतात. त्या वर्षी मी डोळे लावून बसले होते. वन्सं रोज खडपावर पाणी चाखत होत्या. मोठ्या तिसऱ्यांच्या पेशी भरपूर. अंडी नाहीत, बीज नाही, एकही पिल्लू नाही. मी गाळणी बदलली, रसायनं बदलली, तरी तेच.

दुपारी जेवायला बसल्यावर मी हे सांगितलं. आईंनी तिसऱ्यांचं सुकं केलं होतं, वासाने अंगण भरलं होतं. गौरेशच्या ताटात वाढून झालं होतं, आणि मी अजून माझंच पुराण लावून बसले होते.

"खडपावरच्या तिसऱ्यांना पोरंच होत नाहीत. गाव आहे, माणसं आहेत, पण पाळणा एकही नाही. असं कसं?"

आईंना ठसका लागला. हसू दाबताना तो लागला होता हे मला तेव्हा कळलं नाही.

"आणि दुसरं म्हणजे, वरच्या वळणाला विषारी शैवाल वाढलंय. वन्संना जाता-येता त्याचा डीएनए सापडला, कालपेक्षा आज खूपच जास्त. पण तिकडे तिसऱ्यांचा डीएनए नावापुरताच, म्हणजे तिथे तिसऱ्या नाहीत, म्हणून आपल्याला काही भीती नाही."

आईंचं हसू गेलं. त्यांच्या हातातला डाव तसाच राहिला.

"शिजवल्यार इख जाता मा गो?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. या विषाला कितीही शिजवा, ते जात नाही."

"खाव नको!" आई एवढ्या जोरात ओरडल्या, की गौरेशच्या हातातला घास खाली पडला. त्यांनी त्याचं ताट ओढून घेतलं. मी चव बघायला पातेल्याकडे बोट नेलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"काय झाला गो आये?" गौरेश म्हणाला.

"मीठ जास्ती पडला."

मिठाला कुणी असं घाबरत नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि एकेक गोष्ट डोक्यात जुळत गेली. खडपावर पाळणा नाही, कारण तिथे तिसऱ्या जन्मतच नाहीत. त्या तिथे आणल्या जातात. जागोजागचा चिखल वेगळा, कुठे काळा, कुठे तांबडा; पाटीला लागलेल्या चिखलावरून कुणीही जागा ओळखेल. म्हणून सगळ्याजणी आपापल्या जागेवरून येऊन आधी खडपावर पाटी धुतात, आणि वाळू ओकायला तिसऱ्या जाळीत घालून तिथेच पाण्यात टांगून ठेवतात. सासवांनी सुनांना शिकवलेली ही थाप. तिला नवरे फसले, व्यापारी फसले, आणि डीएनए वाचणाऱ्या माझ्या वन्संही फसल्या. त्यांनी धुण्याच्या जागेलाच तिसऱ्यांचं गाव समजून तिथलं पाणी तपासलं आणि हिरवी खूण देत राहिल्या. तिसऱ्यांचं खरं गाव राखाडी भागात होतं, आणि तिथे विष होतं.

"आई, तुम्ही चव बघितलीत?"

"दोन खाल्लंय. मीठ बघूक." त्या ओठांवरून बोट फिरवत होत्या. "ओठार मुंगये चलतत. माका वाटला, मिरची."

सांगोल्यापासून इतक्या दूर येऊन मला जे माणूस मिळालं होतं, ते माझ्यासमोर ओठ चाचपत बसलं होतं. मी गौरेशला दारातली रिक्षा काढायला सांगितली.

"आधी खडपार," आई म्हणाल्या.

"आधी दवाखाना!"

"सकाळचे तिसरे थय टांगलले असत. आता टेम्पो येतलो आणि मुंबयक जातलो. कितक्या घरांत शिजतले ते? माझ्या एकटीचेच नसत ते."

मी फोनवरून नकाशावर खडप लाल, म्हणजे बंद, करू शकत होते. पण त्याने काय झालं असतं? बायकांनी मनातल्या मनात हसून दुसऱ्या दगडावर पाट्या धुतल्या असत्या आणि वरच्या वळणाला जातच राहिल्या असत्या. खरं काय ते कुणीतरी तोंडाने सांगायला हवं होतं. खडप वाटेतच होतं. गौरेशने रिक्षा अशी पळवली, की मी आईंना दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

खडपावर बायका जाळ्या उचलत होत्या आणि टेम्पो धक्क्यावर उभा होता. आई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभ्या राहिल्या.

"आयका गो बायांनू. तिसरे भरू नका." त्यांचे शब्द जरा जाड येत होते. "ह्या पोरीच्या यंत्राक खडपार इख गावाक नाय, कारण खडपार तिसरेच नसत. आपणा सगळ्यांका ता म्हायत असा. माझी जागा वरच्या वळणाक. मोडक्या बांधाखाली मोठा तिवर असा, त्येच्या मुळात. थय इख असा. माझे ओठ माका लागनत नाय."

टेम्पोवाला ऐकत होता, गौरेश ऐकत होता, धक्क्यावरचे सगळे पुरुष ऐकत होते. निवेखोलात कुठल्याही बाईने आपली जागा अशी उघड्यावर सांगितली नव्हती. मग शेवंताकाकींनी आपली जाळी खाली ठेवली.

"माझी व्हाळाच्या तोंडार," त्या म्हणाल्या. "आंब्याच्या समोर."

मग एकामागून एक सगळ्या बोलल्या. कुणी रडत होती, कुणी दुसरीकडे बघून बोलत होती. मी एका हाताने आईंना धरून दुसऱ्या हाताने जागा फोनवर टिपत गेले. सगळ्या वरच्याच वळणातल्या निघाल्या, म्हणून ते सगळंच्या सगळं वळण बंद करून टाकलं. त्या दिवशीचा टेम्पो रिकामा गेला. तिसऱ्या खड्डा करून पुरल्या.

या विषावर उतारा नाही. शरीर ते हळूहळू स्वतःच बाहेर टाकतं, तोवर श्वास चालू राहायला हवा, एवढंच. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई दर थोड्या वेळाने येऊन आईंना बोटं हलवायला लावत होत्या. मी खाटेजवळ बसून त्यांची छाती वरखाली होताना बघत होते. रेणू वाचणारी मी, श्वास मोजत बसले होते.

"आई, माझ्यामुळे तुमची जागा गेली," मी म्हणाले आणि मला रडू आवरेना. "मला देण्यासाठी ठेवली होती ना तुम्ही?"

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि पुन्हा मिटले. "गेली तर गेली. नाक पूस," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी त्यांनी चहात साखर नाही म्हणून नर्सला सुनावलं, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

शैवालाचा बहर ओसरायला पुढे बरेच आठवडे लागले. ते सगळे आठवडे वन्सं आणि मी बायकांनी सांगितलेल्या जागा तपासत होतो. एक गोष्ट मला छळत होती. प्रत्येक जागेवर तिसऱ्यांचा डीएनए होता खरा, पण अगदी विरळ. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, तोंडावर तर नावापुरता. एवढ्याशा तिसऱ्यांवर हा गाव जगला कसा? विषाने मेल्या म्हणावं, तर त्या विषाने तिसऱ्या मरत नाहीत. शेवटी पाणी स्वच्छ झालं, मी वळण उघडलं, आणि बायका पुन्हा पाट्या घेऊन निघाल्या. संध्याकाळी पाट्या भरलेल्या होत्या.

एक दिवस ओहोटी लागायच्या सुमाराला आई लुगडं खोचून अंगणात आल्या. हातात पाटी.

"चल."

"कुठे?"

"जागा दाखवतंय."

"आई, ती आता सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाक म्हायती असा. तुका दाखवलंय खंय? चल म्हणतंय मा."

मी फोन घरीच ठेवला. त्या पुढे आणि मी मागे, त्यांच्या पावलांत पाय घालत, चिखलात पाय न उचलता, सरकवत. मोडका बांध आला. मोठा तिवर आला. मी थांबले. आई थांबल्या नाहीत.

"आई, झाड मागे राहिलं."

"ऱ्हवांदे."

बांध मागे पडला, वळण जवळजवळ संपत आलं, आणि एका अरुंद चराच्या आत, बाहेरून दिसणारही नाही अशा ठिकाणी त्या वाकल्या आणि माझा हात धरून चिखलात घातला. बोटांना जिकडेतिकडे कवच लागत होतं. लहान, मोठी, अगदी नखाएवढी. इथे पाळणे हलत होते.

"म्हणजे त्या दिवशी खडपावर तुम्ही... आई, तुमची जीभ जड झाली होती!"

"जीभ जड झालली. डोक्या नाय."

"पण विषाची गोष्ट होती!"

"इख ह्या सगळ्याच वळणाक होता मा? मी वळण सांगलंय, तू वळण बंद केलंस. कोणाचा वायट झाला? झाड आपला बोलूक होया म्हणान बोल्लंय."

"आणि शेवंताकाकींची जागा?"

आई चिखलातच कमरेवर हात ठेवून हसल्या. "शेवंता काय येडी असा?"

मीही हसले, मग रडले, मग पुन्हा हसले. त्या दिवशी माझ्या फोनवर टिपलेल्या जागांपैकी एकही खरी नव्हती, आणि सगळ्याजणींनी वळण मात्र खरंच सांगितलं होतं.

हसणं थांबल्यावर आईंनी विचारलं, "वन्संक सांगतलंस?"

हा प्रश्न खरा होता. संस्थेला नेमक्या जागा हव्या होत्या. त्यांवाचून माझी युक्ती चालत नव्हती. मी त्या चिखलात हात घालून उभी राहिले आणि ठरवलं, की युक्तीच बदलायची. आधी तिसऱ्या शोधायच्या आणि मग विष, हा हिशेब उलटा करायचा. शैवाल दिसेल त्या वळणाचं सगळं पाणी चाखायचं आणि तिसऱ्या कुणाच्या, कुठल्या, ते विचारायचंच नाही. रसायनं लवकर संपतील, वन्संना वरचेवर बाहेर काढावं लागेल, संस्था कुरकुर करेल. करू दे.

"नाही सांगणार," मी म्हणाले.

आईंनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. "आता दिसणा नाय," त्या म्हणाल्या, आणि पाटी माझ्या हातात दिली.

परतताना मी पुढे होते आणि आई मागे. मला त्यांच्या पायांचा आवाज ऐकू येत होता, आणि पुढच्या वेळी तो नसेल हेही कळत होतं. म्हणून मी मुद्दाम हळू चालले. त्यांनीही घाई केली नाही. खडपावर आल्यावर मी पाटीचा, हातांचा, पायांचा तांबडा चिखल घासून धुतला आणि तिसऱ्या जाळीत घालून पाण्यात सोडल्या. थोड्या अंतरावर वन्संची लहानशी अँटेनाची काठी पाण्याबाहेर आली, जरा थांबली आणि पुन्हा बुडाली.

गौरेश धक्क्यावर इंजिन उघडून बसला होता. त्याने आईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पाटीकडे. त्या दिवशी खडपावर तोही होता, त्याला सगळं ठाऊक होतं. तरी त्याने विचारलं, "खंय गेल्लंस?"

मी लुगड्यासारखा खोचलेला ओढणीचा पदर सोडला आणि म्हणाले, "खडपार."